प्रतिद्रव्याच्या दीर्घिका : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थंडीतल्या निरभ्र रात्री, गावापासून दूरच्या माळावर, दुर्बिणीतून देवयानी दीर्घिकेचा पुसट ठिपका दाखवला की "ती किती लांब आहे?" या प्रश्नाच्या पाठोपाठ कोणीतरी हमखास विचारते, "ती आपल्यासारख्याच द्रव्याची आहे हे कशावरून?" हा प्रश्न विसाव्या शतकातल्या थोर भौतिकशास्त्रज्ञांनीही गांभीर्याने विचारलेला आहे आणि त्याच्या उत्तराकडे जाणारी वाट मला खगोलशास्त्रातल्या सर्वांत सुंदर युक्तिवादांपैकी एक वाटते. प्रतिद्रव्याची दीर्घिका तिच्या प्रकाशावरून ओळखता येत नाही. त्यासाठी तिच्या सीमेकडे पाहावे लागते. खालची बहुतेक उत्तरे या एका मुद्द्याभोवतीच फिरतात.

प्रतिद्रव्य म्हणजे नेमके काय?

प्रत्येक मूलकणाला एक जुळा प्रतिकण असतो. त्याचे वस्तुमान तेवढेच असते, मात्र विद्युतभार आणि तशाच इतर काही गुणांची चिन्हे उलटी असतात. इलेक्ट्रॉनचा प्रतिकण पॉझिट्रॉन, प्रोटॉनचा प्रतिप्रोटॉन. कण आणि त्याचा प्रतिकण एकत्र आले की दोघेही नाहीसे होतात आणि त्यांच्या वस्तुमानाची ऊर्जा होते. एक ग्रॅम प्रतिद्रव्य एक ग्रॅम साध्या द्रव्याला भेटले, तर हिरोशिमावरच्या बॉम्बच्या जवळजवळ तिप्पट ऊर्जा बाहेर पडेल.

हा शब्द आर्थर शूस्टर यांनी १८९८ मध्येच एका पत्रात वापरला होता. प्रतिद्रव्याच्या सूर्यमालाही असतील अशी कल्पना त्यांनी त्यातच रंगवली होती. त्यामागे सिद्धांत मात्र नव्हता. तो पॉल डिरॅक यांच्या १९२८ च्या समीकरणातून आला. १९३२ मध्ये कार्ल अँडरसन यांना विश्वकिरणांच्या, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या वेगवान कणांच्या, मेघकोष्ठातील (कणांच्या वाटा बाष्पाच्या रेषांनी दाखवणाऱ्या पेटीतील) छायाचित्रांत इलेक्ट्रॉनच्या उलट दिशेने वळलेली एक रेषा दिसली आणि पॉझिट्रॉन सापडला. प्रतिप्रोटॉनसाठी १९५५ पर्यंत वाट पाहावी लागली. तो अमेरिकेतल्या बर्कलीच्या बेव्हाट्रॉन या त्वरकावर, म्हणजे कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रावर, मिळाला.

प्रतिद्रव्य आपल्यापासून फार दूर असते असेही समजू नये. केळ्यात पोटॅशियम असते आणि त्याचा थोडा अंश किरणोत्सर्गी असतो. घरातल्या फळांच्या टोपलीत पडलेल्या एका केळ्यातून दीड-एक तासात सरासरी एखादा पॉझिट्रॉन बाहेर पडतो आणि क्षणार्धात तिथल्याच एखाद्या इलेक्ट्रॉनला भेटून नाहीसा होतो.

अशी दीर्घिका दिसायला वेगळी असेल का?

वेगळी दिसणार नाही. प्रकाशाचा कण, म्हणजे फोटॉन, हा स्वतःच स्वतःचा प्रतिकण आहे. त्यामुळे तारा द्रव्याचा असो वा प्रतिद्रव्याचा, त्याच्यातून निघणारा प्रकाश एकच. प्रतिहायड्रोजनच्या अणूत पॉझिट्रॉन प्रतिप्रोटॉनभोवती अगदी त्याच ऊर्जापातळ्यांवर असतो, म्हणून वर्णपटातल्या रेषाही जिथल्या तिथे येतात. १२ डिसेंबर १९३३ रोजी स्टॉकहोममधल्या नोबेल व्याख्यानाच्या शेवटी डिरॅक यांनी हेच सांगितले होते: काही तारे पॉझिट्रॉन आणि ऋण प्रोटॉन यांचे बनलेले असणे शक्य आहे, कदाचित निम्मे तारे तसे असतील, आणि दोन्ही प्रकारच्या ताऱ्यांचे वर्णपट सारखेच असल्यामुळे तेव्हाच्या खगोलीय पद्धतींनी त्यांच्यात फरक करता येणार नाही.

डिरॅक यांचे हे म्हणणे प्रयोगाने तपासायला ऐंशीहून अधिक वर्षे लागली. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतल्या अल्फा गटाने २०१० मध्ये प्रतिहायड्रोजनचे ३८ अणू चुंबकीय सापळ्यात पकडून दाखवले, पुढे ते मिनिटांच्या हिशेबाने टिकवले, आणि २०१६ मध्ये त्यांच्यावर लेझर टाकून वर्णपटातली पहिली रेषा मोजली. ती हायड्रोजनच्या रेषेशी जुळली. २०१८ च्या मोजणीत हा जुळेपणा एक लाख कोटी भागांत दोन-एक भागांपर्यंत खरा ठरला.

प्रतिद्रव्य गुरुत्वाकर्षणाने वर ढकलले जात असेल, तर अशा दीर्घिका आपोआप दूर गेल्या नसतील का?

ही कल्पना आकर्षक होती, पण तिचा निकाल लागला आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये अल्फा गटानेच उभ्या सापळ्यातून प्रतिहायड्रोजनचे अणू हळूहळू मोकळे सोडून त्यांतले किती वर जातात आणि किती खाली येतात हे मोजले. बहुतेक खाली आले, आणि त्यांचे त्वरण मोजणीच्या अचूकतेच्या मर्यादेत साध्या द्रव्याएवढेच निघाले. गुरुत्वाकर्षण द्रव्य आणि प्रतिद्रव्य यांना एकमेकांपासून वेगळे करत नाही.

मग ओळखायचे कसे?

शेजारच्या शेताच्या मालकाशी आपले पटत नसेल, तर ते शेताच्या मध्यावर उभे राहून कळत नाही. भांडण बांधावर दिसते. इथेही तसेच आहे. अवकाश रिकामे आहे असे आपण म्हणतो खरे, पण ते पूर्ण रिकामे कोठेच नसते. ताऱ्यांच्या मधे वायू असतो, दीर्घिकांच्या भोवती विरळ तप्त वायूचे प्रचंड प्रभामंडळ असते, आणि सगळ्या विश्वात साधे द्रव्य सारखे पसरवले तरी दर चार घनमीटरमागे साधारण एक प्रोटॉन येतो. द्रव्याचा प्रदेश जिथे संपतो आणि प्रतिद्रव्याचा सुरू होतो, तिथे हे दोन्ही वायू एकमेकांना भेटणारच.

ते भेटले की काय होईल हे प्रयोगशाळेतून नेमके ठाऊक आहे. प्रोटॉन आणि प्रतिप्रोटॉन नष्ट होताना सरासरी पाच-एक पायॉन नावाचे अल्पायुषी कण निर्माण होतात. त्यांतले भाररहित पायॉन लगेच फुटून प्रत्येकी दोन गॅमा किरण देतात, आणि यांतले सर्वाधिक किरण ७ कोटी इलेक्ट्रॉनव्होल्टच्या (हे कणांची ऊर्जा मोजायचे एकक) आसपास असतात. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन संथपणे भेटले तर ५ लाख ११ हजार इलेक्ट्रॉनव्होल्टचे दोन किरण परस्परविरुद्ध दिशांना निघतात. ही दोन्ही चिन्हे इतकी ठळक आहेत की सीमा कितीही लांब असली, तरी ती गॅमा किरणांत उजळून निघायला हवी. दूरच्या सीमेचे किरण विश्वाच्या प्रसरणामुळे ताणले जाऊन कमी ऊर्जेचे होतील, तेवढाच फरक. म्हणून प्रतिद्रव्याच्या दीर्घिकांचा शोध हा मुख्यतः गॅमा दुर्बिणींनी घेतलेला, न दिसलेल्या उजेडाचा शोध आहे.

देवयानी दीर्घिका प्रतिद्रव्याची असू शकेल का?

नाही. देवयानी आपल्यापासून सुमारे २५ लाख प्रकाशवर्षांवर आहे. हबल दुर्बिणीच्या २०२० साली प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांनुसार तिचे वायूचे प्रभामंडळ १३ लाख प्रकाशवर्षांपर्यंत आणि काही दिशांना २० लाख प्रकाशवर्षांपर्यंत पसरलेले आहे, म्हणजे ते आपल्या आकाशगंगेच्या प्रभामंडळाला जाऊन भिडते. गॅमा किरण टिपणाऱ्या फर्मी उपग्रहाला देवयानीकडून असे किरण मिळतात, पण ते तिच्या मध्यभागातून येतात; दोन प्रभामंडळे भिडतात तिथे उजळलेली भिंत दिसलेली नाही. शिवाय या दोन्ही दीर्घिका एकाच परिसरातल्या वायूतून घडल्या आहेत, आणि पुढच्या प्रश्नात येणारा पुरावा याहून कितीतरी मोठ्या परिसराला लागू पडतो.

एक दीर्घिका नाही, पण दीर्घिकांचा अख्खा समूह तसा असेल तर?

या प्रश्नाचे उत्तर मला विशेष आवडते, कारण त्यात दोन दुर्बिणींची निरीक्षणे शेजारी ठेवून तिसरी गोष्ट कळते. दीर्घिकांच्या समूहात दीर्घिकांच्या मधली जागा कोट्यवधी अंश तापमानाच्या वायूने भरलेली असते. या वायूतले कण एकमेकांजवळून जाताना क्ष-किरण निघतात. त्यामुळे समूह क्ष-किरणांत किती तेजस्वी आहे यावरून तिथे कणांच्या भेटी किती वेळा होतात हे समजते. त्या भेटींपैकी काही जरी द्रव्य आणि प्रतिद्रव्य यांच्यातल्या असत्या, तर त्याच प्रमाणात गॅमा किरणही दिसले असते. ते दिसत नाहीत. म्हणजे एका समूहात दोन्हींची सरमिसळ नाही.

पण एक समूह पूर्ण द्रव्याचा आणि त्याचा शेजारी पूर्ण प्रतिद्रव्याचा असेल तर? त्यासाठी दोन समूह एकमेकांवर आदळलेले पाहायला हवेत, आणि निसर्गाने तसे एक उदाहरण दिलेले आहे. साडेतीनशे कोटी प्रकाशवर्षांच्या आसपास असलेल्या बुलेट क्लस्टरमध्ये दोन समूह एकमेकांतून आरपार गेले आहेत आणि त्यांच्या वायूची समोरासमोर टक्कर झाली आहे. चंद्रा दुर्बिणीने टिपलेल्या क्ष-किरणांच्या चित्रात तो वायू बंदुकीच्या गोळीसमोर उठावा तशा धनुष्याकृती लाटेसह दिसतो. गॅरी स्टाइगमन यांनी २००८ मध्ये या क्ष-किरणांची तुलना गॅमा किरणांच्या निरीक्षणांशी केली, आणि तिथे प्रतिद्रव्य असलेच तर ते दहा लाख भागांत तीन भागांहून कमी असले पाहिजे असे दाखवले. असे दोन समूह ज्या वायूतून जमले, तो मुळात सहा-साडेसहा कोटी प्रकाशवर्षांच्या प्रदेशात पसरलेला असणार. एवढ्या मोठ्या टापूत तरी मामला एकजिनसी आहे.

सीमेवर दोन्ही वायू एकमेकांना दूर ढकलून वेगळे राहतील, हे शक्य नाही का?

ही शंका स्वीडिश भौतिकशास्त्रज्ञ ऑस्कर क्लाइन आणि हानेस आल्फव्हेन यांनी १९६० च्या दशकात एका संपूर्ण विश्वचित्राच्या रूपात मांडली होती. त्यांच्या विश्वात द्रव्य आणि प्रतिद्रव्य समसमान होते. दोन्ही एकत्र नष्ट का होत नाहीत, याचे उत्तर आपल्या प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात आहे. भाकरीचा तवा पुरेसा तापला का हे पाहायला आपण त्यावर पाण्याचा शिपका मारतो. तवा कोमट असेल तर थेंब पसरून चुर्रकन आटतो. पण चांगला तापला असेल तर थेंबाचे मोत्यासारखे गोळे होऊन ते तव्यावर सैरावैरा धावतात आणि बराच वेळ टिकतात, कारण थेंबाच्या बुडाची वाफ होऊन ती गादीसारखी थेंबाला उचलून धरते. याला लायडेनफ्रॉस्ट परिणाम म्हणतात. आल्फव्हेन यांचे म्हणणे असे होते की सीमेवरचा थोडासा वायू नष्ट होऊन तिथे अतितप्त पातळ थर तयार होईल आणि तोच दोन्ही बाजूंना दूर ठेवील.

कल्पना म्हणून ती फारच देखणी आहे, आणि आल्फव्हेन हे प्लाझ्मा (विद्युतभारित कणांचा वायू) भौतिकीचे अधिकारी पुरुष होते. त्यांना १९७० चे नोबेल त्याच कामासाठी मिळाले. पण तव्यावरच्या थेंबालाही वाफ खर्चावी लागते. थर टिकवायचा तर सीमेवर सतत काही ना काही नष्ट होत राहिले पाहिजे आणि त्याचे गॅमा किरण दिसले पाहिजेत. उपग्रहांनी गॅमा किरणांचे आकाश तपासल्यावर ते दिसले नाहीत, आणि हे विश्वचित्र मागे पडले.

द्रव्याची आणि प्रतिद्रव्याची दीर्घिका एकमेकींवर आदळल्या तर दोन्ही क्षणात नष्ट होतील का?

क्षणात मुळीच नाही. सूर्य ज्वारीच्या दाण्याएवढा मानला, तर त्याच्या सर्वांत जवळच्या ताऱ्याचा दाणा मुंबईहून पुण्याएवढ्या अंतरावर येतो. त्यामुळे दोन दीर्घिका एकमेकींतून गेल्या तरी त्यांच्या ताऱ्यांची टक्कर जवळजवळ होतच नाही. पेटेल तो वायू, आणि ताऱ्यांच्या पृष्ठभागावर पडणाऱ्या वायूमुळे तारेही गॅमा किरणांत उजळतील. ही जळती अवस्था कोट्यवधी वर्षे चालेल.

दृश्य विश्वाच्या पलीकडच्या टोकाला प्रतिद्रव्याचे प्रदेश असतील का?

हा मुद्दा अँड्र्यू कोहेन, अल्व्हारो दे रुहुला आणि शेल्डन ग्लॅशो यांनी १९९८ मध्ये बारकाईने तपासला. आज दोन प्रदेशांच्या मधे जवळजवळ रिकामी पोकळी असेल आणि म्हणून सीमा दिसत नसेल, अशी पळवाट काढता येते. पण विश्व सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांचे असतानाचा प्रकाश आज सूक्ष्मलहरींच्या रूपात आपल्याकडे येतो आणि तो सगळ्या दिशांना विलक्षण एकसारखा आहे. त्या काळी मोठ्या पोकळ्या असत्या तर त्यांचे डाग या प्रकाशात उमटले असते. ते नाहीत, म्हणजे तेव्हा द्रव्य आणि प्रतिद्रव्य यांचे प्रदेश एकमेकांना खेटूनच असले पाहिजेत, आणि त्या वेळच्या परस्परनाशाचे गॅमा किरण आज सगळ्या आकाशभर पार्श्वभूमीसारखे पसरलेले दिसले पाहिजेत. हिशेबाने येणारी ही पार्श्वभूमी प्रत्यक्ष मोजलेल्या पार्श्वभूमीपेक्षा खूपच जास्त निघते. यातून सुटायचे तर आपला द्रव्याचा प्रदेश जवळजवळ सगळ्या दृश्य विश्वाएवढा असावा लागतो. त्याच्याही पलीकडे काय आहे, तिथला प्रकाश अजून आपल्यापर्यंत पोचलेलाच नाही.

आकाशगंगेच्या मध्यातून येणारे पॉझिट्रॉनचे किरण हा प्रतिद्रव्याच्या ताऱ्यांचा पुरावा आहे का?

नाही. मध्यभागातून ५ लाख ११ हजार इलेक्ट्रॉनव्होल्टचे किरण येतात हे १९७० च्या दशकापासून माहीत आहे, आणि इंटिग्रल उपग्रहाने त्यांचा नकाशाही केला आहे. मात्र पॉझिट्रॉन तयार व्हायला प्रतितारा लागत नाही. किरणोत्सर्गी मूलद्रव्यांतून ते सहज निघतात. आपल्या शहरांतल्या रुग्णालयांत पेट स्कॅन होतो तो याच किरणांवर. फ्लुओरिन-१८ जोडलेल्या साखरेचे इंजेक्शन दिल्यावर रुग्णाला तासभर शांत पडून राहायला सांगतात. त्या वेळात साखर पेशींपर्यंत पोचते, आणि मग यंत्राचे कडे परस्परविरुद्ध दिशांनी एकाच क्षणी आलेले दोन किरण टिपत जाते.

आपल्या आकाशगंगेतच एखादा प्रतितारा लपला असेल का?

हे पूर्णपणे नाकारता आलेले नाही. फ्रान्समधल्या तुलूझच्या संशोधकांनी २०२१ मध्ये फर्मीच्या दहा वर्षांच्या निरीक्षणांतले ५,७८७ गॅमा स्रोत चाळले. त्यांतले १४ असे निघाले की त्यांचा वर्णपट परस्परनाशाशी जुळतो आणि ते इतर कोणत्याही ज्ञात वस्तूशी जोडता येत नाहीत. ते बहुधा स्पंदक (वेगाने फिरणारे, अतिघन मृत तारे) किंवा कृष्णविवरे असतील, असे त्यांनी स्वतःच म्हटले आहे. आकाशगंगेच्या तबकडीत प्रतितारे असतील, तर दहा लाख ताऱ्यांमागे अडीचपेक्षा कमी, ही त्यातून निघालेली मर्यादा मला त्या १४ स्रोतांइतकीच महत्त्वाची वाटते.

अवकाश स्थानकावरच्या उपकरणाला प्रतिहेलियम सापडले, हे खरे आहे का?

सॅम्युअल टिंग यांच्या नेतृत्वाखाली बांधलेला अल्फा मॅग्नेटिक स्पेक्ट्रोमीटर मे २०११ मध्ये एंडेव्हर यानातून आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर गेला. त्याच्या चुंबकातून जाताना विश्वकिरणांतले धनभारित अणुकेंद्रक एका बाजूला वळते, ऋणभारित दुसऱ्या बाजूला. डिसेंबर २०१६ मध्ये टिंग यांनी प्रतिहेलियमसारख्या दिसणाऱ्या मोजक्या घटनांची माहिती दिली. साध्या हेलियम केंद्रकांच्या तुलनेत त्यांचे प्रमाण अत्यल्प होते. गटाने त्यांना उमेदवार म्हटले, शोध म्हटलेले नाही, आणि हा संयम योग्यच आहे.

हेलियमचे एवढे महत्त्व यासाठी की एकटा प्रतिप्रोटॉन विश्वकिरणांच्या साध्या टकरीतूनही तयार होतो, पण टकरीतून जड प्रतिकेंद्रक जुळून येणे प्रत्येक वाढत्या कणागणिक हजारो पटींनी दुर्मीळ होत जाते. ब्रुकहेव्हनच्या स्टार प्रयोगात सोन्याची अणुकेंद्रके आदळवून २०११ मध्ये प्रतिहेलियम-४ ची १८ केंद्रके मिळवली, तेव्हा हाच उतार दिसला.

न्यूट्रिनोवरून फरक कळेल का?

तत्त्वतः नक्की कळेल. फोटॉनला जी गोष्ट सांगता येत नाही ती न्यूट्रिनो सांगू शकतो, कारण ताऱ्यातून निघणारे न्यूट्रिनो आणि प्रतिन्यूट्रिनो शोधकात वेगळे ओळखू येतात. सूर्य न्यूट्रिनो देतो; प्रतिसूर्याने प्रतिन्यूट्रिनो दिले असते. अडचण अंतराची आहे. २३ फेब्रुवारी १९८७ ला मोठा मॅगेलन मेघ या शेजारच्या छोट्या दीर्घिकेतला अतिनवतारा, म्हणजे स्फोट पावलेला तारा, दिसला, तेव्हा जपानच्या आणि अमेरिकेच्या मोठ्या शोधकांना मिळून जेमतेम वीस कण मिळाले, आणि तो मेघ तर दीर्घिकांच्या हिशेबात अगदी दाराशी आहे.

सुरुवातीला दोन्ही सारखेच होते, तर प्रतिद्रव्य गेले कुठे?

ते द्रव्याबरोबरच नष्ट झाले. उरले ते थोडेसे वरचढ ठरलेले द्रव्य. आज विश्वात प्रत्येक प्रोटॉनमागे दीड-एक अब्ज फोटॉन आहेत. याचा अर्थ असा की आरंभी दर अब्ज प्रतिकणांमागे कणांची संख्या अब्ज अधिक एक अशी काहीशी होती. वाढीव एक नसता, तर आजच्यापेक्षा अब्जावधी पटींनी कमी द्रव्य उरले असते आणि दीर्घिका झाल्याच नसत्या.

हा एक कोठून आला? आंद्रेई साखारोव्ह यांनी १९६७ मध्ये त्यासाठी तीन अटी सांगितल्या: प्रोटॉनसारख्या कणांची एकूण संख्या बदलू शकणारी प्रक्रिया हवी, द्रव्य आणि प्रतिद्रव्य यांच्या वागण्यात मुळातच फरक हवा, आणि विश्व त्या वेळी औष्णिक समतोलात नसावे. दुसरी अट खरी असल्याचे १९६४ मध्येच क्रोनिन आणि फिच यांच्या केऑन या अल्पायुषी कणांवरच्या प्रयोगात दिसले होते. जपानमधल्या बेल प्रयोगाने आणि अमेरिकेतल्या बाबार प्रयोगाने तो फरक २००१ मध्ये बी-मेसॉन या त्याहून जड कणांमध्ये दाखवला. बेलमध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञही सहभागी होते. २०२५ मध्ये सर्नच्या एलएचसीबी प्रयोगात तो प्रथमच प्रोटॉनच्या कुळातल्या एका जड कणात आढळला. पण आतापर्यंत मोजलेला सगळा फरक मिळूनही त्या वाढीव एकाचा हिशेब लागत नाही.

पहिल्या अटीचा माग काढायचा तर प्रोटॉन कधीतरी फुटतो का हे पाहावे लागते, आणि ते पाहायला सर्वांत आधी खोलवर उतरलेल्यांत आपली माणसे होती. टाटा संस्था आणि जपानी शास्त्रज्ञ यांनी १९८० च्या सुमारास कोलारच्या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली सुमारे २.३ किलोमीटरवर, लोखंडाच्या थरांचा १४० टनांचा शोधक उभारला आणि काही उमेदवार घटना नोंदवल्या. पुढच्या मोठ्या प्रयोगांनी त्यांना दुजोरा दिला नाही. जपानच्या सुपर-कामिओकांडेने प्रोटॉनचे सरासरी आयुष्य १० च्या ३४ व्या घाताएवढ्या वर्षांहून अधिक असल्याचे दाखवले आहे. याच परंपरेच्या मुळाशी असलेले होमी भाभा यांनी १९३६ मध्ये इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांची टक्कर कशी होईल याचे गणित मांडले होते. ते भाभा विकिरण आजही त्वरकांवर टकरींची संख्या मोजायला वापरतात.

आता नवे काय सापडले तर चित्र बदलेल?

दोन गोष्टींकडे लक्ष ठेवावे. परस्परनाशाचे ताणले गेलेले किरण ज्या ऊर्जेच्या पट्ट्यात येतील, त्यातला बराचसा भाग आजवर पुरेशा बारकाईने पाहिला गेलेला नाही; नासाची कोसी ही गॅमा दुर्बीण त्या पट्ट्याच्या खालच्या टोकासाठी आहे आणि ती २०२७ मध्ये सोडण्याचे नियोजन आहे. दुसरी गोष्ट म्हणजे प्रतिकार्बन. विश्वकिरणांच्या टकरीत बारा प्रतिकण एकत्र येऊन ते केंद्रक घडणे जवळजवळ अशक्य आहे आणि महास्फोटातही कार्बन झालेला नव्हता. तो फक्त ताऱ्याच्या पोटात शिजतो. अवकाश स्थानकावरच्या चुंबकातून प्रतिकार्बनचे एक केंद्रक जरी निःसंशयपणे उलट्या बाजूला वळताना दिसले, तरी कोठेतरी प्रतिद्रव्याचा तारा जळतो आहे असे मानावे लागेल.